व्यवहारातील ध्वनी

ध्वनिविचार आपण फार काळ काव्याच्या देवघरात ठेवला आहे. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये ‘ध्वन्यालोक’ लिहून ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटले, आणि व्यंग्यार्थ हे कवींचे खास धन होय, अशी समजूत होऊन बसली. वस्तुतः त्याने प्रारंभीच दिलेली उदाहरणे चक्क संभाषणाची आहेत. कोणी कोणाशी बोलत आहे, आणि जे सांगावयाचे ते उघड सांगता येत नाही.

त्यांतील एक महाराष्ट्री प्राकृतातील, ‘गाथासप्तशती’मधले, गोदाकाठचे आहे. फुले वेचावयास येणाऱ्या एका धर्मशील पुरुषाला एक स्त्री सांगते, की आता निर्धास्तपणे हिंडा. तुम्हांला भिवविणारे ते कुत्रे इथल्या कुंजात राहणाऱ्या सिंहाने आजच मारले. शब्द परवानगीचे, अर्थ मनाईचा. तो कुंज तिचे संकेतस्थळ आहे. विधीतून निषेध कसा ध्वनित होतो, एवढ्यापुरतीच ही गाथा शास्त्रकारांनी वापरली. मला तीत आणखीही काही दिसते. ‘येऊ नका’ असे म्हणण्याचा अधिकार त्या स्त्रीला नाही. कारण तर तिला सांगताच येत नाही. व्यंग्यार्थ हा येथे अलंकार नसून आडोसा आहे.

पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञाने 1967 साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत याच आडोशाचे तर्कशास्त्र मांडले. सूचित केलेला अर्थ वक्त्याला वदतोव्याघात न होता मागे घेता येतो, हे त्याचे एक मार्मिक निरीक्षण. आपल्याकडे अकराव्या शतकातील महिमभट्टाने व्यंग्यार्थ हे अनुमानच होय असे प्रतिपादिले होते. त्याचे ग्राइसशी चांगले जमले असते.

परंतु अर्थ मागे घेण्याची सोय जशी वक्त्याला, तशी न ऐकण्याची सोय श्रोत्याला असते, आणि आपली समीक्षा अडते ती येथेच. ध्वनिसिद्धान्ताने सहृदय श्रोता गृहीत धरला आहे. व्यवहारात तो मिळेलच असे नाही. घरकाम करणारी बाई म्हणते, “बाईसाहेब, महिना संपला की हो.” उत्तर येते, “हो ना, दिवस कसे भराभर जातात!” येथे व्यंग्यार्थ पोहोचलेला नाही असे कोण म्हणेल? तो पोहोचला, आणि दारातूनच परत पाठविला गेला. मागणाऱ्या बाईने मर्यादा सांभाळली म्हणूनच मालकिणीला ते साधले.

मराठीत तर या मर्यादेने व्याकरणालाही वाकविले आहे. ‘जातो’ऐवजी ‘येतो’, ‘फुटली’ऐवजी ‘वाढवली’ ही अशुभ टाळणारी उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांत फारसे गूढ नाही. जुन्या घरांतील ‘इकडून सांगणं झालं होतं’ हे वाक्य मात्र पाहावे. पत्नी पतीविषयी बोलत आहे. पण वाक्यात नाम नाही, सर्वनाम नाही, कर्ताही नाही. उरली आहे ती केवळ एक दिशा. अशा भाषेत तक्रार कशी करावी? ज्याच्याविरुद्ध करावयाची, तो कर्तेपदी येतच नाही. हरिभाऊ आपटे यांनी 1890 नंतर ‘करमणूक’मधून प्रसिद्ध केलेल्या यमूच्या आत्मकथेला ‘पण लक्षात कोण घेतो?’ हे नाव दिले. शीर्षकातला रोख श्रोत्यावर आहे, ही गोष्ट त्या कादंबरीच्या वास्तववादाची वाखाणणी करताना आपण बहुधा विसरतो.

मात्र आडोसा दुर्बळांनाच लागतो असे नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) या नाटकात बलवान गट त्याच्या आड उभा आहे. हौशी नटमंडळी वेळ घालविण्यासाठी अभिरूप खटला मांडतात. बेणारेबाई आरोपी होतात. पुढे जे चालते त्यातला प्रत्येक घाव, वेळ पडल्यास, ‘हा खेळच तर आहे’ असे म्हणून परत घेता येण्याजोगा आहे. शेवटी मंडळी तसे म्हणतातही, आणि बेणारेबाईंनी फार मनाला लावून घेऊ नये अशी आर्जवी समजूतही घालतात. या नाटकातील संवादांना ‘सहज’ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. त्या सहजतेतच त्यांचे विष आहे. त्या वेळी सहृदय असतो तो प्रेक्षागृहात. रंगमंचावर एकटा सामंत तेवढा भांबावून घुटमळतो. बेणारेबाईंशी काय बोलावे ते त्याला कळत नाही, आणि हिरव्या कापडाचा पोपट हलकेच त्यांच्याजवळ ठेवून तो निघून जातो.