ठायाठायांची आठवण : 'स्थानपोथी' आणि आयर्लंडची स्थळगाथा

यहोशवाच्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे. यार्देन नदी ओलांडताना इस्राएल लोक तिच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणतात आणि ते गिलगाल येथे उभे केले जातात. पुढे मुलांनी 'हे धोंडे कसले?' असे विचारले, तर वडिलांजवळ त्याचे उत्तर असावे, हा त्यामागचा हेतू. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबही उशाचा धोंडा उभा करतो आणि लूज या ठिकाणाला बेथेल हे नाव देतो. ठिकाण, त्याचे नाव आणि नावामागची हकीकत या तिन्ही गोष्टी एकत्र बांधून ठेवण्याची ही रीत पवित्र शास्त्राइतकी जुनी आहे. आपल्या मराठी वाङ्मयातही या रीतीचा एक विलक्षण नमुना आहे. त्याचा परिचय वाचकांना करून द्यावा, या हेतूने हे चार शब्द.

महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी तेराव्या शतकात महाराष्ट्रभर पायी फिरले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटाने गावोगाव जाऊन, प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना विचारून गोळा केल्या. त्यातून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. स्वामी गेल्यानंतर शिष्यांजवळ दोनच गोष्टी उरल्या, त्यांचे शब्द आणि ते जिथे वावरले ती ठिकाणे. त्या ठिकाणांची नोंद म्हणजे 'स्थानपोथी'. चौदाव्या शतकातल्या या गद्य ग्रंथाचे कर्तृत्व मुनिव्यास कोठी यांच्याकडे जाते.

पोथी प्रथम हाती घेणाऱ्याची थोडी निराशा होते. गावाच्या कोणत्या दिशेला कोणते देऊळ, त्याचे दार कोणीकडे, मठ कुठे, स्वामी कुठे बसले, कुठे निजले, कुठे काही दिवस राहिले, एवढेच ती सांगते. वर्णन नाही, अलंकार नाही. पण वाचता वाचता या कोरडेपणाचे रहस्य उलगडते. लिहिणाऱ्याला आपले पांडित्य दाखवायचे नाही. उद्या येणाऱ्या अनोळखी वाटसरूचा पाय नेमक्या जागी पडावा, एवढीच त्याची काळजी आहे. दाराची दिशा चुकली तर माथा भलतीकडे टेकेल, म्हणून तो दिशा सांगतो. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी जुन्या गोव्याला रांगेत उभे राहणाऱ्या आपल्या लोकांना ही भावना समजावून सांगण्याची गरज नाही. या अचूकपणाचा आणखी एक लाभ असा, की यादवकाळातल्या गावांची, देवळांची आणि वेशींची माहिती शोधणाऱ्या अभ्यासकांना ही पोथी मोठा आधार ठरली.

याच पंथात या विषयाचे पद्यरूपही आहे. नारायण व्यास बहाळिये यांचे 'ऋद्धिपूरवर्णन' हे पंथाच्या साती ग्रंथांपैकी एक. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे चक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांचे गाव. त्याची थोरवी कवीने ओवीत गायिली आहे. पुढे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले, तेही ओवीबद्धच. आमच्या मते 'ऋद्धिपूरवर्णना'त भक्तीचा उमाळा मोठा आहे, पण उपमांच्या दाटीत कधी कधी गाव दिसेनासे होते. स्थानपोथीच्या रुक्ष गद्यात मात्र ते स्वच्छ दिसत राहते.

आता दूरच्या आयर्लंडकडे वळू. तेथे या प्रकाराचे वाङ्मय 'दिंदशेनखस' म्हणून ओळखले जाते. ठळक ठिकाणांचे पुरातन ज्ञान, असा त्या शब्दाचा आशय. बाराव्या शतकातल्या 'लेन्स्टरच्या ग्रंथा'त ते आढळते आणि तेही गद्य व पद्य अशा दोन्ही रूपांत. त्यातील पद्यभाग एडवर्ड ग्विन या पंडिताने १९०३ ते १९३५ या काळात पाच भागांत संपादित केला. बॉइन नदीची कथा पाहा. बोअन्द नावाची स्त्री निषिद्ध विहिरीपाशी जाते, पाणी उसळते, तिचा पाठलाग करीत समुद्रापर्यंत पोहोचते आणि त्या प्रवाहाला तिचे नाव राहते. तारा या राजपीठाचे नाव तेआ या राणीच्या समाधीवरून पडले, असे कवी सांगतो. एकाच नावाच्या दोन-तीन कथा तो शेजारी शेजारी मांडतो आणि खरी कोणती याचा निवाडा करीत बसत नाही. भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्ती मानीत नाहीत. पण नाव मुके राहू नये ही कवीची तळमळ खरी आहे.

दोन्हींची तुलना केली तर गुणदोष स्पष्ट होतात. आयरिश कवी नावापासून निघून कथेकडे जातो, म्हणून त्याचे काव्य रसाळ आणि त्याचा इतिहास सैल. आपला पोथीकार घडलेल्या प्रसंगापासून निघून जागेकडे येतो, म्हणून त्याची साक्ष भक्कम आणि रस बेताचा. पोथीची एक उणीवही सांगितली पाहिजे. स्वामींचे पाऊल जिथे पडले नाही ते शेत, ती विहीर, तो कुणबी तिच्या लेखी जणू नाहीतच.

आयर्लंडमधल्या ख्रिस्ती लेखकांनी आपल्या पूर्वजांच्या अख्रिस्ती कथा का जपल्या, याचे उत्तर इ. स. १२०० च्या आसपासच्या 'वृद्धांचा संवाद' या ग्रंथात मिळते. फिन या वीराच्या पथकातला कैल्चा हा म्हातारा योद्धा संत पॅट्रिकला भेटतो. संत त्याला बाप्तिस्मा देतो आणि मग वाटेतल्या प्रत्येक टेकडीचे, प्रत्येक झऱ्याचे नाव विचारू लागतो. कथा ऐकताना मन इतके रमते, की आपल्या प्रार्थनेत तर खंड पडत नाही ना, अशी संताला शंका येते. तेव्हा त्याचे रक्षक देवदूत येऊन सांगतात, की हे सारे लिहून ठेव. म्हाताऱ्यांना विसर पडत चालला आहे आणि पुढच्या पिढ्यांना यातून आनंद मिळणार आहे.

हा प्रसंग वाचला की आम्हांला आमचीच एक चूक बोचते. काही वर्षांपूर्वी घरे आशीर्वादित करीत फिरत असता एका वृद्ध गृहस्थांनी मिठागरांच्या कडेने जाताना आम्हांला थांबवले. कोणत्या बांधाला काय म्हणतात, कोणता कुरीस कोणी व कोणत्या नवसाने उभारला, हे ते सांगू लागले. पुढची घरे वाट पाहत होती. 'बाबा, पुन्हा कधीतरी निवांत ऐकू,' असे म्हणून आम्ही निघालो. तो निवांतपणा आला नाही. त्याच पावसाळ्यात त्यांचा दफनविधी आम्हीच केला. त्यांच्या मुंबईतल्या मुलाला त्या जमिनीचा सर्व्हे नंबर ठाऊक होता, नाव ठाऊक नव्हते. संताची शंका फेडायला देवदूत आले. आम्हांला तर शंकासुद्धा आली नाही.

शिरोड्याचे नाव १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे इतिहासात आले. १९२० ते १९३८ या काळात वि. स. खांडेकर येथे शिक्षक होते, म्हणून ते वाङ्मयातही आले. पण गावाचे खरे भूगोलपुस्तक वाड्या, व्हाळ, खाजणे, पाणंदी आणि कुरीस यांच्या नावांत लिहिलेले असते. त्यातली नावे ख्रिस्ती घरांतली असोत वा हिंदू घरांतली, ती साऱ्या गावाची ठेव आहे. ते पुस्तक छापलेले नाही. ते ज्यांच्या मुखी आहे, ती माणसे दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.

आमच्या कुटुंबांना एवढीच विनंती. या मे महिन्यात चाकरमानी गावी येतील, तेव्हा एका संध्याकाळी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाचा हात धरून कुळागरापासून खाजणापर्यंत चालून यावे. बरोबर शाळकरी मुलाची वही असावी. नाव लिहावे, दिशा लिहावी, कोणी सांगितले तेही लिहावे. अलंकार नसले तरी चालेल. स्थानपोथीतही ते नाहीत.