चिकानो लढ्यांचा इतिहास व त्याचीं साधनें : एक ग्रंथपरीक्षण

डॉ. लॉरा पुलिदो यांचा ‘एन्व्हायर्न्मेंटलिझम अँड इकॉनॉमिक जस्टिस’ हा इंग्रजी ग्रंथ ॲरिझोना विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनें इ. स. १९९६ मध्यें प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागांत मेक्सिकन वंशाच्या लोकांनीं, म्हणजे ज्यांस चिकानो म्हणतात त्यांनीं, जमीन, पाणी, हवा व उपजीविका यांच्या रक्षणार्थ जे लढे दिले, त्यांपैकीं दोहोंचें विवेचन त्यांत आहे. ग्रंथकर्त्री स्वतः चिकाना असून व्यवसायानें भूगोलशास्त्रज्ञ आहेत.

ग्रंथ निघून पाव शतकाहून अधिक काळ लोटला असतां त्याचें परीक्षण आतां कशासाठीं, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर असें कीं, ज्या काळाविषयीं हा ग्रंथ बोलतो तो काळ आतां जिवंत साक्षीदारांच्या हातून दप्तरखान्यांच्या हातीं जात आहे. शिवाय, इ. स. १९९४ च्या फेब्रुवारींत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीं पर्यावरण-न्यायासंबंधीं जी आज्ञा काढिली होती, ती जानेवारी १९२५ नव्हे, तर जानेवारी २०२५ मध्यें, म्हणजे एकतीस वर्षांच्या आंतच, रद्द करण्यांत आली. कोणत्या वंशाच्या व किती उत्पन्नाच्या लोकांवर प्रदूषणाचा किती भार पडतो याची माहिती सरकारी खात्यांनीं शक्य तेथें गोळा करून ठेवावी, असें त्या आज्ञेंत एक कलम होतें. सरकार जी नोंद ठेवण्याचें सोडून देतें, ती पुढें कोणाच्या कागदांत सांपडावयाची, हा प्रश्न इतिहाससंशोधकास उदासीन राहूं देणारा नाहीं.

ग्रंथांतील पहिला लढा कॅलिफोर्नियांतील शेतमजुरांचा. द्राक्षमळ्यांतील संप ८ सप्टेंबर १९६५ रोजीं डेलानो येथें सुरू झाला आणि २९ जुलै १९७० रोजीं मळेवाल्यांनीं करारांवर सह्या केल्यावर त्याची समाप्ति झाली. या लढ्याचें वर्णन सामान्यतः मजुरीचा व बहिष्काराचा लढा असें करतात. पुलिदोबाईंनीं त्यांतील कीटकनाशक औषधांचा धागा सोडवून दाखविला आहे. फवारणीचें विष ज्याच्या अंगावर पडतें त्यास विष ही रानावनाच्या सौंदर्याची बाब नसून सत्तेची बाब असते. कोणतें औषध, केव्हां व कोठें फवारावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा वाद होता. १९७० च्या करारांत डीडीटीसारख्या औषधांस बंदी घातली गेली. देशभर त्या औषधास बंदी होण्यास १९७२ साल उजाडावें लागलें. म्हणजे मजुरांचा कागद सरकारच्या कागदाच्या दोन वर्षें पुढें होता.

याच लढ्यांतील एक प्रसंग आमच्या विषयास फार उपकारक आहे. ऑगस्ट १९६८ मध्यें मजूरसंघाचे वकील जेरोम कोहेन हे कर्न परगण्याच्या शेती-आयुक्ताच्या कचेरींत फवारणीच्या नोंदी पाहण्यास गेले. नोंदी सरकारी होत्या, पण त्या दाखविण्यांत आल्या नाहींत. आणि लागलीच न्यायालयाचा मनाई हुकूमही निघाला. नोंदी उघड झाल्यास धंद्याचें गुपित फुटेल, अशी सबब पुढें करण्यांत आली. यावरून साधनांच्या तारतम्याविषयीं एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सरकारी कागद तेवढा निःपक्षपाती आणि चळवळीचा कागद तेवढा पक्षपाती, असें गृहीत धरून चालण्याची संशोधकांस संवय असते. परंतु जेथें सरकारी कागद एका पक्षाच्या मागणीवरून कुलुपांत जातो, तेथें त्याचें मौन हेंही पक्षपाताचेंच एक रूप होय. आणि मजुरांचीं गाऱ्हाणीं, सभांचीं इतिवृत्तें व वकिलांचा पत्रव्यवहार हींच प्रथम प्रतीचीं साधनें ठरतात. या संघाचीं दप्तरें डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठाच्या वॉल्टर रॉयथर ग्रंथालयांत जतन झालीं आहेत, हें भावी संशोधकांचें भाग्य होय.

दुसरा लढा न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडील डोंगरी मुलखांतला. लोस ओहोस या गांवीं १९८३ मध्यें ‘गानादोस देल व्हाये’ ही मेंढपाळांची संस्था स्थापन झाली. चुर्रो या जुन्या जातीच्या मेंढ्यांची पैदास पुन्हा वाढवावी, त्यांच्या लोकरीचें विणकाम गांवांतच करावें आणि तरुणांस गांव सोडावें लागूं नये, असा तिचा हेतु होता. कुरणें अपुरीं पडूं लागलीं. शेजारींच वन्य पशूंसाठीं राखलेलीं सरकारी रानें होतीं. परंतु तेथें एल्क जातीच्या हरणांसाठीं मेंढ्यांस मज्जाव होता. ऑगस्ट १९८९ मध्यें संस्थेनें सुमारें दोन हजार मेंढ्या हम्फ्रीज या राखीव रानांत उघड उघड घातल्या. पुढें तात्पुरत्या कुरणाची सोय होऊन मेंढ्या हलविण्यांत आल्या. हक्काचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

हें भांडण हरिण आणि मेंढी यांचें आहे असें वरवर पाहणारास वाटेल. पण तो सर्व मुलूख तिएर्रा अमारिया या देणगीचा. ही सनद मेक्सिकन अमदानींत १८३२ मध्यें दिली गेली. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहानें तो प्रांत संयुक्त संस्थानांकडे गेला, आणि १८६० मध्यें काँग्रेसनें सनद मान्य केली ती गांवसमूहाची म्हणून नव्हे, तर एका व्यक्तीची खासगी मालमत्ता म्हणून. सामाईक कुरण एका लेखणीच्या फटकाऱ्यानें विकाऊ माल झालें. ५ जून १९६७ रोजीं रेयेस लोपेझ तिहेरिना यांच्या अनुयायांनीं तिएर्रा अमारियाच्या न्यायकचेरीवर जो हल्ला केला, त्याचें मूळ या सनदेच्या वाचनांत आहे. या दोन्ही काळांची सांगड घालून, पर्यावरणाचा वाद हा पुष्कळदां जुन्या जमीनवादाचेंच नवें नांव असतो, हें पुलिदोबाईंनीं दाखविलें, हा त्यांच्या ग्रंथाचा सर्वांत मोठा गुण आम्ही समजतों.

अशा लढ्यांस त्यांनीं ‘सबाल्टर्न’ पर्यावरणवाद अशी संज्ञा दिली आहे. हा शब्द मूळचा इटालियन विचारवंत ग्राम्शी यांचा. इतिहासलेखनांत तो रूढ झाला रणजित गुहा व त्यांचे सहकारी यांच्या १९८२ पासून निघालेल्या भारतविषयक निबंधमालेमुळें. आपल्याकडील शेतकऱ्यांच्या बंडांवरून घडलेली संज्ञा रिओ आरिबाच्या मेंढपाळांस लागू पडावी, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां आमचे आक्षेप. पहिला नांवाविषयीं. ग्रंथाच्या उपशीर्षकांत दोन्ही लढ्यांस ‘चिकानो’ म्हटलें आहे. परंतु डेलानोच्या संपास प्रथम आरंभ केला तो फिलिपिनो मजुरांनीं. आणि उत्तर न्यू मेक्सिकोंतील पुष्कळ लोक स्वतःस ‘हिस्पानो’ म्हणवितात. एका शब्दाखालीं दोन समाज आणिले म्हणजे विवेचन सुटसुटीत होतें, पण लोक स्वतःस काय म्हणवीत होते हा पुरावा त्या शब्दाआड दडण्याचा संभव असतो.

दुसरा आक्षेप तुलनेविषयीं. एकीकडे हजारों मजुरांचा व देशभर बहिष्कार उभारणारा संघ, दुसरीकडे एका खोऱ्यांतील लहानशी सहकारी संस्था. पहिल्याचें दप्तर मोठें व सुस्थित. दुसऱ्याचा इतिहास बव्हंशीं माणसांच्या तोंडीं. मुलाखतींवर उभारलेलें विवेचन खोटें असतें असें मुळींच नाहीं. परंतु पुढील वाचकास तें पडताळून पाहण्याचा मार्ग खुला असावा लागतो. तो मार्ग कागदांचा.

येथें मारिया व्हारेला यांचें उदाहरण घ्यावें. त्या ‘गानादोस’च्या संस्थापकांपैकीं एक; तत्पूर्वीं दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळींत त्यांनीं लेखनाचें व छायाचित्रणाचें काम केलें होतें. खेड्यांच्या पर्यावरण-नियोजनावर १९९१ मध्यें निघालेल्या एका ग्रंथाच्या त्या सहलेखिका आहेत. म्हणजे कार्यकर्ती, लेखिका व साक्षीदार या तिन्ही भूमिका एकाच ठिकाणीं. त्यांच्या दक्षिणेकडील कार्याचीं कांहीं कागदपत्रें विस्कॉन्सिनच्या ऐतिहासिक संस्थेंत आहेत, तिहेरिना यांचीं कागदपत्रें न्यू मेक्सिको विद्यापीठांत, मजूरसंघाचीं डेट्रॉइटांत. एकाच इतिहासाचे तुकडे तीन राज्यांत. जो संशोधक एकच दप्तरखाना पाहील, त्यास नागरी हक्क, जमीन व मजुरी हे तीन निरनिराळे विषय वाटतील. एका बाईच्या आयुष्यांत ते एकच होते हें त्यास कळणार नाहीं.

या दृष्टीनें मारिया कोतेरा व लिंडा गार्सिया मर्चंट यांनीं २००९ मध्यें सुरू केलेला ‘चिकाना पोर मी रासा’ हा उपक्रम स्तुत्य वाटतो. स्त्रियांच्या घरोघरच्या पेट्यांतील कागदांच्या प्रतिमा घ्यावयाच्या आणि त्यांच्याच मुखानें त्यांचा वृत्तांत नोंदवून घ्यावयाचा, अशी त्याची पद्धति आहे. चळवळींत पुरुषांचीं भाषणें छापलीं जातात, आणि पत्रकें काढणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, नमुने गोळा करणाऱ्या स्त्रियांचे कागद माळ्यावर पडून राहतात. विहिरीच्या पाण्याला वास येऊं लागल्याची पहिली नोंद बहुधा अशाच एखाद्या वहींत असावयाची. तथापि एक सूचना करावीशी वाटते. सुटी प्रतिमा म्हणजे दप्तर नव्हे. कोणता कागद कोणत्या कागदाच्या शेजारीं होता, कोणी व केव्हां ठेवला, कोणता गाळला, याची याद नसेल तर प्रतिमा कितीहि स्वच्छ असली तरी तिचें प्रामाण्य अर्धेंच राहतें. तसेंच, पेटी ठेवणारी बाई स्वतः लढ्यांत होती, तेव्हां तिनें काय ठेविलें नाहीं हेंही विचारलें पाहिजे. आणि तिच्या कागदांशेजारीं शिकारखात्याचे व मळेवाल्यांचे कागद ठेवून वाचले पाहिजेत. प्रतिपक्षाचा कागद न वाचतां मिळविलेला निकाल एकतर्फी हुकूमनाम्यासारखा असतो. तो वरच्या न्यायालयांत टिकत नाहीं.

एकंदरींत, पुलिदोबाईंचा ग्रंथ सिद्धान्ताच्या बाजूनें भक्कम, पहिल्या लढ्याच्या बाबतींत साधार, आणि दुसऱ्याच्या बाबतींत पुढील संशोधनाची अपेक्षा ठेवणारा आहे. त्यांचा मुख्य निर्णय आम्हांस मान्य आहे. परंतु मान्य असणें निराळें व सिद्ध असणें निराळें. तो सिद्ध करण्याचीं साधनें अजून कांहीं घरांत, कांहीं कचेऱ्यांत विखुरलेलीं आहेत. सरकारी नोंदीची आज्ञा रद्द झाल्यावर तीं जपण्याचें काम अधिकच निकडीचें झालें आहे. कारण हक्काचा वाद पुन्हा न्यायासनापुढें उभा राहील त्या दिवशीं सहानुभूति पुरावा म्हणून दाखल करतां येणार नाहीं, कागद मात्र करतां येईल.