सावलीबरोबर सरकणारा वर्ग



आपल्या लासूर स्टेशनच्या फलाटावर एप्रिलच्या दुपारी थोडा वेळ बसून बघा. गाडीची वाट पाहणारी माणसं एका जागी बसत नाहीत. सावली सरकली की पिशवी उचलतात आणि तीही सरकतात. त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं. आता मला सांगा, हेच शहाणपण आपण शाळेची इमारत बांधताना का विसरतो? आज मला एवढंच बोलायचं आहे.

मध्यंतरी मी एक प्राथमिक शाळा पाहिली. नाव घेत नाही. छपरावर सौर पॅनल, दारावर ‘ऊर्जा-सक्षम शाळा’ अशी पाटी, वर्गात हलवता येतील अशी रंगीत टेबलं. सगळं नवं कोरं. दुपारी दोन वाजता आत गेलो तर डोक्यावर तापलेला पत्रा होता आणि पंखा तीच गरम हवा पोरांच्या अंगावर टाकत होता. पंखा सौर विजेवर चालतो, हे मुख्याध्यापकांनी अभिमानानं सांगितलं. मी म्हटलं, सर, आधी छपरानं उष्णता आत घ्यायची आणि मग ती फिरवायला वीज तयार करायची, याला बचत कसं म्हणायचं?

माझा आक्षेप पॅनलवर नाही, क्रमावर आहे. आपण साधारण २० अक्षांशावर राहतो. मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस आपण बघतोच. म्हणजे उन्हाचा खरा मारा भिंतीपेक्षा छपरावर. म्हणून पहिला खर्च छपरावर व्हायला हवा: पत्र्याखाली दुसरं छत, स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात, वर गरम हवा बाहेर पडायला झरोके. मग इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम, खिडक्या उत्तर-दक्षिण, पश्चिमेला झाड किंवा व्हरांडा. पॅनल यानंतर. आपल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि मधला चौक हेच तर करत होते.

पुण्याजवळ लवळे इथे मुलींची अवसरा अकादमी आहे. ‘केस डिझाइन’ या वास्तुरचनाकारांनी तिथे जमिनीखालच्या नळ्यांतून हवा आणली. मातीत ती गार होते. वर उन्हानं तापणारी धुरांडी आहेत, ती वर्गातली गरम हवा ओढून बाहेर टाकतात. बाहेरून बांबूचे पडदे. काम उत्तम आहे. पण ती निवासी, मोठ्या मुलींची शाळा, आणि मागे तज्ज्ञांचं बळ. दोन शिक्षकी शाळेनं तिची नक्कल करू नये. तत्त्व मात्र जरूर घ्यावं: आधी इमारतीनं काम करायचं, मग यंत्रानं.

आता दुसरा शब्द, ‘लवचिक जागा’. १९६०-७०च्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेत भिंती नसलेल्या शाळा निघाल्या. कल्पना उदार होती. पण अनेक ठिकाणी शिकवायची रीत जुनीच राहिली आणि एकाचा आवाज दुसऱ्याच्या वर्गात जायला लागला. मग कपाटं आडवी लावली गेली, पुढे भिंती परत उभ्या राहिल्या. भिंत काढली म्हणजे स्वातंत्र्य आलं असं होत नाही, हा त्यातला धडा.

आपल्याकडे अडचण उलटी आहे. २००९चा शिक्षणहक्क कायदा म्हणतो, दर शिक्षकामागे निदान एक वर्गखोली. पहिली ते पाचवी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. कायद्यानं किमान मर्यादा घातली हे चांगलंच केलं. पण व्यवहारात ती किमान मर्यादाच आराखडा होऊन बसते. दोन खोल्यांत पाच इयत्ता! तिथे खरी लवचिक जागा म्हणजे व्हरांडा आणि झाडाखालचा ओटा. आणि पैसे कमी पडले की आधी कात्री लागते ती यांनाच. का? तर त्यांची गणती ‘खोली’त होत नाही.

ताराबाई मोडकांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी काम केलं. मूल शाळेत येत नाही ना? मग शाळा पाड्यावरच्या अंगणात न्यायची. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. आज देशभर रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच आला. गंमत बघा, शब्द राहिला आणि आपण अंगणवाडीलाही बंद खोली करून टाकलं!

आता तुम्ही म्हणाल, सर, पावसाचं काय? बरोबर आहे. अंगणाला पाऊस कळत नाही आणि गरिबाच्या पोरांना झाडाखाली बसवून ‘निसर्गशाळा’ म्हणण्याची लबाडीही मला मान्य नाही. पक्कं छप्पर हा मुलांचा हक्क आहे. माझं म्हणणं इतकंच, की खोली आणि अंगण यांच्यामधली जागा हाही शाळेचाच भाग धरा. आणि वर्ग बाहेर हलवायची मोकळीक बाईंना, गुरुजींना द्या. तपासणीला येणाऱ्यानं ‘मुलं वर्गात का नाहीत?’ असं विचारायचं ठरवलं, तर चाकाच्या टेबलांचा उपयोग काय?

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीतल्या मंडळींना एक काम सांगतो. नवा आराखडा मंजूर करण्याआधी एक अख्खा दिवस शाळेच्या आवारात काढा. दर तासाला सावली कुठे पडते ते पोरांकडून चुन्यानं आखून घ्या. त्यांचा भूगोलाचा तासही होईल. संध्याकाळी तो नकाशा इंजिनिअर साहेबांसमोर ठेवा आणि विचारा, यातली कुठली सावली तुमच्या आराखड्यात शिल्लक राहते?