मेलेला घोडा

खलाशांच्या गाण्यांचे संग्राहक बहुधा पांढरपेशे. त्यांनी गाणी जपली हे मान्य. पण शब्द धुऊन घेतले. रिचर्ड टेरीने १९२१ च्या 'द शँटी बुक'मध्ये शिवराळ ओळी बदलल्या. स्वतः शिडाच्या जहाजावर राबलेल्या स्टॅन ह्यूगिललाही १९६१ च्या आपल्या संग्रहात पुष्कळ शब्द सौम्य करावे लागले. त्याने कितीतरी गाणी वेस्ट इंडीजच्या काळ्या खलाशांकडून घेतली होती, हेही आपण विसरू नये. आपल्याकडे 'गोलपिठा'ची (१९७२) प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना शब्दांचे अर्थ नामदेव ढसाळांना विचारावे लागले. त्यांनी ते लपवले नाही. मात्र शब्दार्थ कळला की कविता कळली, असे मानणारे समीक्षक आजही भेटतात.

मी एकच शब्द घेतो. 'डेड हॉर्स' म्हणजे मेलेला घोडा. एकोणिसाव्या शतकात व्यापारी जहाजावर चढताना खलाशाला साधारण महिन्याचा पगार आगाऊ मिळे. (ब्रिटिश आरमारात अशी गाणी म्हणायला मनाई होती, तिथे शिट्टीवर मुकाट्याने दोर ओढायचा.) ही उचल बंदरातला खाणावळवाला आणि भरतीचा दलाल खोली, दारू, कपड्यांच्या हिशेबात गिळून टाकत. पहिला महिना म्हणजे बिनपगारी राबणे. या राबण्याचे नाव मेलेला घोडा! महिना भरला की गोणपाटाचा घोडा करून तो शिडाच्या आडव्या काठीला टांगायचा आणि गाणे म्हणत समुद्रात सोडायचा. अमेरिकेने १८८४ साली कायद्याने अशी उचल बंद केली, तरी दलालांनी पळवाटा शोधल्याच.

कोशात याचा अर्थ 'आगाऊ वेतनाचे काम' असा मिळतो. तो चूक नाही, पण निर्जीव आहे. अभ्यासकांना त्यात खलाशांची गंमत दिसते. मला दिसतो तो कप्तानाच्या देखत, त्याच्याच जहाजावर, गळा काढून मांडलेला कर्जाचा हिशेब. वरवर गाणे एका म्हाताऱ्याच्या घोड्याचे. त्यामुळे कोणाला शिक्षा करता येत नाही.

पण बोलीतला प्रत्येक शब्द बंडखोर असतो असे समजण्याची घाई आपल्याच काही मित्रांना झालेली आहे. बीडकडचे जोडपे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेते. त्या जोडप्याला म्हणतात 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोन माणसे. हा शब्दही श्रमाचाच, रांगडाच. मात्र तो मुकादमाच्या वहीला सोयीचा आहे. त्यात माणसे हत्यारावरून मोजली जातात. मेलेला घोडा हे खलाशाने कर्जाला ठेवलेले नाव, कोयता हे कर्ज देणाऱ्याने माणसाला ठेवलेले. दोन्ही शब्द 'श्रमिकांची बोली' या एकाच खणात टाकणारी समीक्षा मला मान्य नाही. शब्द कोणाच्या तोंडून, कोणाच्या हिशेबात आला, हे आधी विचारा.

खलाशाचा घोडा महिन्याभराने पाण्यात जाई. न फिटलेली उचल मात्र पुढच्या हंगामाच्या वहीत चढते.