वाचनालयातली नवी चरित्रे

आमच्या गावच्या वाचनालयात मागणी कादंबरीला फार. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा माझी तक्रार नाही. पण अलीकडे शास्त्रज्ञांची नवी चरित्रेही घरोघर जाऊ लागली, याचा आनंद वाटतो. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. शिकलो ते याच कपाटांतून. म्हणूनच दोन शब्द लिहितो.

अशाच एका नव्या चरित्रावरून मी वर्गात सांगितले, की विजेचा दिवा एडिसनने एकट्याने शोधला. दुसऱ्या दिवशी एक मुलगी उठली. “गुरुजी, इंग्लंडात स्वान होता ना?” होता खरा. 1879 साली, एडिसनचा दिवा पेटण्याआधीच, जोसेफ स्वानने न्यूकॅसलला आपला दिवा लोकांना दाखविला होता. 1883 साली दोघांनी मिळून तिथे कंपनीही काढली. मी खाली मान घातली.

एडिसन यामुळे लहान होत नाही. 1882 साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने वीजघर उभारले, तारा नेल्या, घराघरांत दिवे लावले. हे त्याचे खरे कर्तृत्व त्या चरित्रात दोन ओळींत आटोपले होते!

कादंबरीकाराची थाप वाचक समजून-उमजून ऐकतो. चरित्रावर मात्र तो विश्वास टाकतो, आणि पडताळायला जवळ दुसरे पुस्तक नसते. म्हणून ग्रंथपालांना विनंती, की नवे चरित्र घेताना आधी शेवटची पाने उघडावीत. माहिती कोठून घेतली हे तिथे सांगितले असेल, तर पुस्तक खुशाल घ्यावे. नसेल, तर त्या पैशात एखादी कादंबरी घ्यावी. ती निदान खरेपणाचा आव तरी आणत नाही.