गुत्ता, पिठा, परमिट रूम : मराठीतल्या एका नसलेल्या जागेविषयी

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरमध्ये हड्सवेल नावाचे एक लहान गाव आहे. तिथला 'जॉर्ज अँड ड्रॅगन' हा पब २००८ मध्ये बंद पडला. दोन वर्षांनी गावकऱ्यांनी भाग काढून पैसे उभे केले, तो विकत घेतला आणि पुन्हा उघडला. आता त्याच वास्तूत छोटे ग्रंथालय आहे, वाणसामानाचे दुकान आहे, गावकऱ्यांसाठी भाजीचे वाफे आहेत. २०१७ मध्ये 'कॅमरा' या तिथल्या बिअररसिकांच्या संघटनेने त्याला देशातला उत्तम पब म्हणून गौरवले. त्याआधी २००३ मध्ये कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या रहिवाशांनी 'ओल्ड क्राउन' असाच सहकारी पद्धतीने घेतला होता. पुढे २०११ च्या कायद्याने अशा प्रयत्नांना आधार दिला. गावाने एखादी वास्तू 'लोकोपयोगी' म्हणून नोंदवून घेतली आणि मालकाने ती विकायला काढली, तर गावाला पैसे जमवायला सहा महिन्यांची सवड मिळते.

ही हकीगत मराठीत सांगायला गेलो की पहिल्याच वाक्याला अडखळायला होते. 'गावकऱ्यांनी एकत्र येऊन गावातला अमुक वाचवला.' या अमुकच्या जागी कोणता शब्द घालायचा? 'गुत्ता' घातला तर वाचक हसेल. 'पिठा' घातला तर नाक मुरडेल. 'बार' म्हटले तर पोलिसांची धाड आठवेल. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण मराठीत ते विनोदी होते. हा विनोद कुठून आला, याचा शोध मला महत्त्वाचा वाटतो. मराठी समीक्षेने दारूकडे एक तर व्यसन म्हणून पाहिले, नाही तर बंडखोरीची खूण म्हणून. ती जिथे प्यायली जाते त्या जागेचा विचार फारसा झालेला नाही.

शब्दांपासूनच सुरुवात करू. इंग्रजीतला पब म्हणजे मुळात 'सार्वजनिक घर'. आपल्याकडचा गुत्ता म्हणजे मक्ता, सरकारकडून बोली लावून घेतलेला विक्रीचा एकाधिकार. मक्त्याचा शब्द पुढे दुकानाला चिकटला. 'परमिट रूम' ही तर परवान्याची खोली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा सांगाडा अजून कायम असल्यामुळे पिणाऱ्यालाही कागदोपत्री परवाना लागतो, आणि पाच रुपयांच्या एक दिवसाच्या परवान्याचा विनोद सर्वांना ठाऊक आहे. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' या पाटीत तर सरकार आधी येते आणि दारू नंतर. म्हणजे आपले जवळजवळ सगळे शब्द त्या जागेचे शासनाशी असलेले नाते सांगतात. तिथे बसणाऱ्यांचे एकमेकांशी काय नाते, हे सांगणारा शब्द त्यांत नाही.

अपवाद एकच, 'आंटी'. त्याकडे येतो.

हे नाते असे का झाले, याचे उत्तर मुंबईच्या उपनगरांच्या जमिनीतच आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी साष्टी बेटावरची गावे. १९२० मध्ये उपनगर जिल्हा वेगळा होईपर्यंत ती ठाणे जिल्ह्यात होती. भंडाऱ्यांनी ताड-माड छेदायचे, आगरी-कोळ्यांनी आणि पुढे ज्यांना ईस्ट इंडियन म्हटले गेले त्या ख्रिस्ती गावकऱ्यांनी सणाला, लग्नाला घरचीच काढायची, डोंगराकडच्या वारल्यांनी मोहाची गाळायची, असा इथला रिवाज. १८७८ च्या आबकारी कायद्याने गाळप मोठ्या भट्ट्यांकडे आणि मक्तेदारांकडे नेले आणि झाडांवरचा कर हे महसुलाचे साधन झाले. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा आला. मोहाची फुले बाळगणेच गुन्ह्याच्या कक्षेत गेले. इंद्रा मुन्शी सालढाणा यांनी १९९५ च्या एका निबंधात ठाणे जिल्ह्यातली ही उलथापालथ नेमकी दाखवली आहे. मराठीत त्या निबंधाची दखल घ्यायला हवी होती. पिणे गावाच्या हातून निसटले ते नीतीच्या आधी महसुलाने. नीती मागाहून आली, आणि तिने प्रहार केला तो मक्तेदाराच्या दुकानावर. गावची अशी बसायची जागा त्या वेळी शिल्लक नव्हतीच.

त्या नीतीचा सर्वांत मोठा वाङ्मयीन आविष्कार म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला'. १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या निधनानंतर, ते गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याआधी खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'त (१९१३) शुक्राचार्य मद्यापायी घसरले होतेच. पण गडकऱ्यांनी जी गोष्ट केली ती मराठीत दुसऱ्या कुणी केलेली नाही. त्यांनी पिणाऱ्यांची संस्था काढली. तळीरामाचे 'आर्य मदिरा मंडळ' हे मराठी साहित्यातले एकमेव संघटित मद्यालय आहे.

या मंडळाकडे आपण आजवर विनोदी प्रवेशांची सोय म्हणूनच पाहिले. सुधाकर-सिंधूच्या करुणकथेत प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा मिळावी म्हणून तळीराम, असा पाठ्यपुस्तकी समज. मला तो अपुरा वाटतो. गडकऱ्यांचा काळ मंडळांचा होता. वक्तृत्वोत्तेजक, ज्ञानप्रसारक, सुधारक, उद्धारक अशी नाना मंडळे. त्या सगळ्या मंडळी-संस्कृतीची नक्कल मदिरा मंडळात आहे. तिथे ठराविक सभासद आहेत, सभेचा थाट आहे, पिण्याचे तत्त्वज्ञान आहे. आणि तिथे शास्त्री आणि खुदाबक्ष एका बैठकीला बसतात. बाहेरच्या पुण्या-मुंबईत १९१९ साली ही पंगत कुठल्या प्रतिष्ठित मंडळाने बसवली असती? गडकऱ्यांनी ती हास्यास्पद म्हणून दाखवली हे उघड आहे. पण हास्यास्पद करण्यासाठी का होईना, त्यांना ती कल्पावी लागली. जातिधर्माच्या भिंती ओलांडणारी बैठक मराठी रंगभूमीला सुचली ती दारूच्या निमित्ताने, आणि सुचताक्षणी तिची टर उडवावीशी वाटली. या नाटकाचा खरा पेच मला इथे दिसतो.

मंडळात एक बाजू मात्र पूर्ण गैरहजर आहे. तिथे सिंधू नाही, तळीरामाची बायको गीता नाही. मंडळ जितके रंगते तितकी घरे रिकामी होतात, आणि सिंधू दुसऱ्यांचे दळण दळते. म्हणून गडकऱ्यांना नुसते 'नीतिवादी' म्हणून मोडीत काढणाऱ्यांशीही मी सहमत नाही. मंडळाचा खर्च कोण भरते, हा प्रश्न त्यांनी विचारला आहे, आणि इंग्लंडच्या गोड पबकथांत तो बहुधा विचारला जात नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या 'एल् व्हिनो'त बायकांना गल्ल्यापाशी उभे राहून पेय घेऊ देत नसत. तो नियम मोडायला १९८२ साली अपील न्यायालय लागले. सार्वजनिक घरसुद्धा फार काळ निम्म्याच जनतेचे होते.

गडकऱ्यांनंतर मराठी साहित्यातले पिणे विखुरले. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'तल्या (१९६५) पोरांना बसायला खोलीच नाही, नाका आहे. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) कावाखान्यातल्या वस्तीत बापाची दारू येते ती कष्टाच्या आणि अपमानाच्या हिशेबासकट. नागर मध्यमवर्गाचे पिणे एलकुंचवारांच्या 'पार्टी'त पोचेपर्यंत दिवाणखान्यात शिरलेले असते. यजमान आहे, निमंत्रण आहे, आणि निमंत्रण नसलेल्याला प्रवेश नाही. नाका, वस्ती, दिवाणखाना. ज्यात कुणीही पैसे मोजून शिरावे आणि ओळखीचे होऊन बाहेर पडावे अशी जागा मराठी कवितेला मिळाली ती चहाची, इराण्याची. अरुण कोलटकरांनी इराण्यावर कविता लिहिली आणि काळा घोड्याच्या 'वेसाइड इन'मध्ये बसून एक अख्खा चौक न्याहाळला. 'वेसाइड इन' बंद झाले, जहांगीर कलादालनातले 'समोवार' २०१५ मध्ये बंद झाले. हळहळीचे लेख पुष्कळ आले. भाग काढून ती जागा घ्यावी, असे कुणाच्या मनात आल्याचे दिसत नाही. मुंबईतल्या जागेचा भाव हे कारण आहेच, पण मला ते पुरेसे वाटत नाही. पार्ल्यात १९२३ पासून लोकमान्य सेवा संघ चालतो, मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ आहे. वर्गणी, देणगी, इमारत निधी हे उपनगरातल्या मराठी माणसाला पाठ आहे. ग्रंथालयासाठी, व्याख्यानमालेसाठी तो पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो. नुसते बसण्यासाठी फिरायला त्याला संकोच वाटतो.

आता आंटी. १९४९ च्या कायद्यानंतर वांद्रे-अंधेरीपासून पुढच्या गावठाणांत ख्रिस्ती बायकांनी घराच्या पुढच्या खोलीत चोरून विक्री सुरू केली आणि 'आंटीकडे जाणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. सगळ्या शब्दांत नात्याचा म्हणावा असा हा एकटाच, आणि तो बेकायदा. खरोखरच्या घरात, घरधनिणीच्या नजरेखाली, उधारीच्या वहीवर चालणारी ही खोली पबच्या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ होती. हिंदी सिनेमाने तिचे हसे केले. मराठी कथा-कादंबरीत ती बहुधा वाटेत लागते, मुक्कामाला नसते. तिची मिथ्या आठवण काढायचे मात्र कारण नाही. चोरट्या गाळपाची वाट कुठे जाते हे जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत दिसले. विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली.

महाराष्ट्रात गाव एकत्र येते ते दुकान बंद करण्यासाठी. गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकचळवळीतून दारूबंदी आली. चंद्रपूरला बायका पायी चालत गेल्या, २०१५ मध्ये बंदी लागली आणि २०२१ मध्ये सरकारनेच ती उठवली. दुकाने पुन्हा उघडली, पण गावाने उघडली नाहीत. गावोगाव 'उभी बाटली, आडवी बाटली' असे मतदान होते. पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज करायचा, मग मतदान. आडवीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडली पाहिजेत, नुसत्या झालेल्या मतदानापैकी नव्हे. म्हणजे जी शेतावर गेली, जी माहेरी गेली, जिला नवऱ्याने घरी कोंडले, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात. या नियमावर आपल्या एखाद्या नाटककाराने अजून नाटक लिहिले नाही याचे मला आश्चर्य वाटते.

हड्सवेलची भागधारक बाई आणि आडव्या बाटलीची मतदार बाई यांना मी एकमेकींच्या विरुद्ध उभे करत नाही. दोघी एकच गोष्ट मागतात. आपल्या वेशीच्या आतल्या या जागेचे काय व्हावे ते आम्ही ठरवू. पहिलीच्या हाती भाग आहे, मालकी आहे, किल्ली आहे. दुसरीच्या हाती एक चिठ्ठी, आणि तीही फक्त नकाराची. दुकान आडवे झाले तर त्या गाळ्यात काय यावे, हे तिला विचारले जात नाही. वाचनालय? पाळणाघर? संध्याकाळी बायकांनाही टेकता येईल असे चहाचे दुकान?

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाने पाट्या वाचत गेले की 'फॅमिली रेस्टॉरंट अँड परमिट रूम' हा मजकूर पुन्हा पुन्हा दिसतो. 'फॅमिली' बहुधा वरच्या मजल्यावर, वातानुकूलित. खाली परमिट रूम, काळ्या काचा. दोन्हींच्या मधे जिना. थोडे आत, उद्यानापाशी, नगरसेवक निधीतून बांधलेला ज्येष्ठ नागरिक कट्टा असतो, त्यावर नगरसेवकाचे नाव कोरलेले असते, आणि पावसाळ्याचे चार महिने तो ओला असतो.