इन द स्ट्रीम्स ऑफ इन्फर्नो

नॉर्वेतील ‘मिस्टिकम’ या तीन कलावंतांच्या वाद्यवृंदाची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका (१९९६). अतिजलद गिटारवादन व किंचाळता कंठस्वर ही ‘ब्लॅक मेटल’ या उग्र रॉकसंगीताची लक्षणे होत. मिस्टिकमने त्यात ड्रमवादकाऐवजी तालयंत्र योजले व औद्योगिक संगीतातील यांत्रिक ध्वनींची जोड दिली. अरण्ये व प्राचीनता यांचे आकर्षण असलेल्या नॉर्वेजियन ब्लॅक मेटलमध्ये हे विसंगत वाटण्याजोगे होते. तथापि न थकणाऱ्या निर्विकार तालामुळेच येथील आक्रोश अधिक अमानुष भासतो. यंत्राचा कोरडेपणा उणीव न राहता आशयच बनतो. मात्र त्याच एकसुरीपणामुळे काही गीतांतील वेगळेपण पुसट होते. औद्योगिक ब्लॅक मेटल या उपप्रकाराची ही एक पायाभूत कृती मानली जाते. वाद्यवृंदाची दुसरी दीर्घ ध्वनिमुद्रिका प्लॅनेट सेटन २०१४ मध्ये निघाली.